चार रविवार

बदलीचा कागद आला
आणि बालाजीनं कॅलेंडरवर बोट फिरवलं.
चार रविवार.
तीन वर्षं साताऱ्यात काढली,
किल्ला रोज गॅलरीतून पाहिला, कपडे वाळत घालताना,
शेजाऱ्याकडं बघावं तसा.
जाऊ कधीतरी, म्हणत.

मग एका पहाटे तिला ओढणीत बांधून निघालो.
रुंजी एकोणीस महिन्यांची.
तिला उचललेलं चालत नाही,
आणि खाली ठेवलेलं तर मुळीच नाही.
चार भिंतींच्या पुढच्या वळणावर मुंग्यांची रांग लागली
आणि तिथंच आमचा अजिंक्यतारा संपला.
पाऊण तास.
एक मुंगी कुणाचातरी पंख ओढत होती,
रुंजी तिला काडीनं मदत करत होती,
म्हणजे दर वेळी पाडत होती.
वरून उतरणारे एक आजोबा म्हणाले,
"थोडंच राहिलंय की! वरनं अख्खं सातारा दिसतंय."
आम्ही मान डोलावली.
मुंगीचंही थोडंच राहिलं होतं.

कासला फुलं होती म्हणे.
तिकीट काढलं, माणसांच्या मागं मागं चाललो,
तिनं पाहिलं एक डबकं.
माझ्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचे त्रेसष्ट फोटो आहेत:
तिची पाठ, चिखल, तिची पाठ,
एका फोटोत कोपऱ्यात जांभळं काहीतरी.
डावा बूट तिथंच राहिला.
यवतेश्वरच्या घाटात कळलं,
स्कूटरवर, एक पाय माझ्या पोटाला गार लागला तेव्हा.

तिसरा रविवार तापात गेला.
ओल्या रुमालाच्या घड्या, रात्रीचे दोन, पुन्हा दोन चाळीस.
ताप उतरल्यावर तिनं डोळे उघडले
आणि दाराकडं बोट केलं: "भुर्र."

बुधवारी बालाजीनं रजा टाकली.
चाळकेवाडीच्या पठारावर आम्ही तिघं आणि पवनचक्क्या.
तिनं मान मागं टाकली, टाकत गेली,
टाकता टाकता गवतात बसली.
"पंखा!"
वारा असा, की डब्यातली पोळी हातात येईपर्यंत उडाली.
तिनं कानटोपी भुवयांवर ओढली
आणि बापाला हुकूम सोडला,
"बाबा, बंद."

तो खरंच उठला.
कुंपणाच्या खांबावर, बटण असावं तसं, अंगठ्यानं दाबलं.
पाती फिरत राहिली.
त्यानं पुन्हा दाबलं.
ती त्याच्याकडं बघत राहिली,
नाराज नाही, नुसती बघत,
मग त्याच्या शर्टात तोंड खुपसून बसली.
मला हसू आलं. त्याला नाही आलं.
ही बदली त्यानंच मागून घेतलीय.
उदगीरला अण्णांचा उजवा हात आता उचलत नाही.

चौथ्या रविवारी खोकी.
किराणावाल्यानं दिलेली, साबणाच्या वासाची.
भरू ते खोकं रुंजी रिकामं करी
आणि स्वतः आत बसे.
उरलेला बूट मी दोनदा कचऱ्यात टाकला,
दोनदा काढला.
शेवटी कपबशांत सारला, फटीला म्हणून.

पुसेगाव सुटलं, डोंगर बसके होत गेले.
ती काचेला नाक लावून एकेकाला टाटा करत होती.
पुढं डोंगर संपले,
तरी तिचा हात चालूच,
विजेच्या खांबाला, म्हशीला, टायरच्या दुकानाला.

अण्णांच्या खोलीत वर जुना पंखा, कटकट वाजणारा.
ते गळ्यापर्यंत चादर घेऊन पडलेले.
रुंजी पलंगाशी उभी राहिली,
त्यांच्याकडं बघितलं, वर बघितलं,
चादरीची कड मुठीत धरली.
"आजोबा गार," ती म्हणाली. "बाबा, बंद."

बालाजी भिंतीपाशी गेला.
बटणावर अंगठा ठेवून
उगाच क्षणभर थांबला.

थांबायला पंख्यानं बराच वेळ घेतला.
आम्ही सगळेच वर बघत होतो.
अण्णासुद्धा.